रॉचडेलची माणसे

मँचेस्टरहून ईशान्येकडे दहा-अकरा मैल गेले की पेनाइन डोंगररांगेच्या पायथ्याशी रॉचडेल लागते. रॉच नावाची एक लहानशी नदी गावातून वाहते, आणि गावाने पुढे त्या नदीलाच रस्त्याखाली गाडून टाकले. शहराच्या मध्यभागी ती शतकभर फरसबंदीखालून वाहत होती. २०१६ साली तिचा काही भाग पुन्हा उघडा करण्यात आला. डोंगरातून येणारे मऊ पाणी, ओलसर हवा आणि मेंढ्यांची लोकर या तीन गोष्टींवर येथील जुना फ्लॅनेलचा धंदा उभा होता. त्याच्या शेजारी अठराव्या शतकाच्या अखेरीस कापूस आला, १८०४ साली पेनाइन ओलांडणारा कालवा पुरा झाला, धुराडी उभी राहिली, आणि घरोघरी माग चालवणारा विणकर पाहता पाहता गिरणीच्या भोंग्याचा ताबेदार झाला.

अशा गावाने जगाला काय दिले, असा प्रश्न केला तर पहिले नाव एका कवीचे निघते, आणि तेही उपऱ्याचे. लॉर्ड बायरनच्या घराण्याचा किताबच मुळी ‘रॉचडेलचे बॅरन बायरन’ असा होता. येथील वतन आणि त्यातील कोळशाच्या खाणी यांच्या कज्ज्यांत त्याची बरीच वर्षे गेली आणि १८२३ साली, मृत्यूच्या आदल्या वर्षी, त्याने ते वतन विकून टाकले. मात्र एक गोष्ट नमूद केली पाहिजे. १८१२ च्या फेब्रुवारीत उमरावांच्या सभागृहात तो प्रथम बोलावयास उभा राहिला तो यंत्रे फोडणाऱ्या कामगारांना फाशी देणाऱ्या विधेयकाविरुद्ध. हे कामगार रॉचडेलचे नव्हते, नॉटिंगहॅमचे होते. परंतु ज्या भुकेविषयी तो बोलला ती भूक त्याच्या स्वतःच्या वतनातही होतीच.

गावाची खरी भाषा लिहिली ती जॉन कॉलियर या शाळामास्तराने. जवळच्या मिलन्रो गावी तो मुले शिकवी आणि ‘टिम बॉबिन’ या टोपणनावाने लँकशरच्या बोलीत विनोदी लिखाण करी. त्याचा बोलीतला संवाद १७४६ साली प्रसिद्ध झाला. व्यंगचित्रेही तो काढी, आणि ती विकून आलेले पैसे गुत्त्यात जात असे म्हणतात. १७८६ साली तो वारला. त्याचे थडगे टेकडीवरच्या सेंट चॅड देवळाच्या आवारात आहे. त्याचीच परंपरा पुढे चालवणारा एडविन वॉ १८१७ साली याच गावी जन्मला. बोलीत लिहिलेल्या, घरी परतण्याची वाट पाहणाऱ्या बायकोच्या एका कवितेने १८५६ साली तो घरोघरी पोचला. तिसरा एक रॉचडेलकर जेम्स के, म्हणजे पुढचा सर जेम्स के-शटलवर्थ. तो व्यवसायाने वैद्य. १८३२ च्या पटकीच्या साथीत मँचेस्टरच्या मजूरवस्त्या त्याने पायाखाली घातल्या, त्यांच्या हालांवर एक पुस्तिका लिहिली, आणि १८३९ साली इंग्लंडच्या पहिल्या सरकारी शिक्षण समितीचा तो चिटणीस झाला. इंग्लंडातील लोकशिक्षणाच्या इतिहासात त्याला टाळता येत नाही. पण आपला मुख्य विषय तो नव्हे.

रॉचडेलहून हिंदुस्थानपर्यंत ज्यांचा आवाज पोचला ती माणसे दोन जातीची. एक होता गिरणीमालक, आणि दुसरे होते त्याच्याच गावचे, पण त्याच्या गिरणीच्या बाहेरचे काही विणकर. आपल्याकडे पहिल्याचे नाव गेल्या शतकातील प्रत्येक पुढाऱ्याच्या तोंडी होते. दुसऱ्यांची नावे कोणालाच ठाऊक नव्हती. माझ्या मते या दोघांना एकमेकांशेजारी उभे केल्यावाचून दोघांपैकी कोणाचेही मोजमाप नीट होत नाही.

जॉन ब्राइटचा जन्म १६ नोव्हेंबर १८११ चा. बाप जेकब ब्राइट याने दोनच वर्षांपूर्वी ग्रीनबँक येथे कापसाची गिरणी सुरू केली होती. घराणे क्वेकर पंथाचे. म्हणजे साधा पोशाख, शपथ न घेणे, युद्धाचा तिटकारा आणि सरकारमान्य धर्मपीठाशी उभे वैर. ब्राइट गावात प्रथम पुढे आला तो या वैरापायीच. देवळाच्या डागडुजीसाठी सर्वांकडून, अगदी त्या देवळात पाऊल न टाकणाऱ्यांकडूनही, कर घेतला जाई. १८४० च्या जुलैत त्याविरुद्ध त्याने सेंट चॅडच्या आवारात एका थडग्यावर उभे राहून भाषण केले. टिम बॉबिन जवळच निजलेला होता. त्याला हा देखावा आवडला असता.

पुढल्या वर्षी त्याची तरुण पत्नी वारली. लेमिंग्टन येथे तो शोकात बुडून बसला असता रिचर्ड कॉबडेन भेटीस आला आणि म्हणाला, की देशात हजारो घरांत या घटकेला बायका, आया, मुले भुकेने मरत आहेत. दुःखाचा पहिला भर ओसरला की माझ्याबरोबर चल, धान्यावरचे कायदे रद्द झाल्यावाचून आपण विसावा घ्यायचा नाही. ही हकीकत ब्राइटनेच पुढे सांगितली. १८४६ साली ते कायदे रद्द झाले. परदेशी धान्यावरील जकात गेली, जमीनदारांची मक्तेदारी मोडली आणि पाव स्वस्त होण्याचा मार्ग मोकळा झाला.

येथवर ब्राइट हा गरिबांचा कैवारी. पण पुढल्याच वर्षी, १८४७ साली, गिरण्यांतील स्त्रिया आणि १८ वर्षांखालील मुले यांचे काम दिवसाला दहा तासांवर आणणारा कायदा पार्लमेंटात आला तेव्हा त्याला कडाडून विरोध करणाऱ्यांत हाच ब्राइट होता. लहान मुलांना कायद्याचे संरक्षण असावे हे त्याला मान्य होते. परंतु बायका आणि मोठी मुले घरी गेली की गिरणी बंद पडते, म्हणजे हा कायदा आडवाटेने प्रौढ पुरुषांचेच तास बांधतो, हे तो ओळखून होता. मालक आणि प्रौढ मजूर यांच्या करारात कायद्याने हात घालू नये, हे त्याचे तत्त्व. त्याला ढोंगी म्हणणे सोपे आहे, पण ते खरे नव्हे. धान्याच्या व्यापारात सरकार नको आणि गिरणीच्या तासांतही सरकार नको, हा एकाच श्रद्धेचा दोन ठिकाणी केलेला उच्चार होता. अडचण इतकीच, की पहिल्या ठिकाणी ती श्रद्धा त्याच्या मजुरांच्या पोटाला उपयोगी पडत होती, आणि दुसऱ्या ठिकाणी त्याच्या स्वतःच्या.

हिंदुस्थानकडे त्याचे लक्ष वळले ते कापसामुळे. लँकशरचा कापूस बहुतेक अमेरिकेतून, गुलामांच्या मळ्यांतून येई. गुलामगिरीविषयीची घृणा आणि एकाच देशावर विसंबण्याचे भय या दोन्ही कारणांनी १८४८ साली हिंदुस्थानातील कापसाच्या लागवडीची चौकशी करणाऱ्या पार्लमेंटच्या समितीचे अध्यक्षपद त्याने घेतले. कापूस का येत नाही, याचा शोध घेता घेता रस्ते नाहीत, कालवे नाहीत, सारा भारी आहे आणि कंपनीचा कारभार कोणालाच जबाबदार नाही, असे एकेक धागे त्याच्या हाती आले. व्यापारी हिशेबातून सुरू झालेली चौकशी राज्यपद्धतीच्या चौकशीत जाऊन पोचली. त्याचा मोठेपणा येथे आहे. कारण हिशेब पुरा झाल्यावर बहुतेक व्यापारी वही मिटतात.

क्रिमियाच्या युद्धाला विरोध केल्याबद्दल १८५७ साली मँचेस्टरने त्याला पाडले. बर्मिंगहॅमने लगोलग निवडून दिले. आणि २४ जून १८५८ रोजी, उत्तर हिंदुस्थानात सूडाच्या फाशी अजून थांबल्या नव्हत्या तेव्हा, त्याने हिंदुस्थानच्या राज्यव्यवस्थेवर ते गाजलेले भाषण केले. गव्हर्नर जनरलचे पदच नको; पाच इलाखे बरोबरीच्या दर्जाचे करा, प्रत्येकाला आपला खजिना आणि आपला कारभार द्या; सर्वसाधारण माफी जाहीर करा; जमिनीवरील हक्कांना आणि धर्माला अभय द्या. उद्या इंग्रजी सत्ता उठली तर हे इलाखे आपापल्या पायांवर उभी राहणारी राज्ये ठरावीत, असा त्याचा विचार होता. इंग्रजी सत्ता एक दिवस उठेल ही गोष्ट १८५८ साली त्या सभागृहात गृहीत धरून बोलणे, हेच मुळी धाडस होते. १८६८ साली ग्लॅडस्टनने त्याला हिंदुस्थानचे मंत्रिपद देऊ केले. ते त्याने नाकारले. आपली मते लोकांना पेलणार नाहीत हे एक कारण, आणि ज्या खात्याचा आधार लष्कर आहे ते क्वेकराने चालवू नये हे दुसरे. मला हा नकार त्याच्या भाषणाहून मोठा वाटतो. पण त्या नकाराने आपल्या वाट्याला ब्राइट आला नाही, भलताच कोणी आला, हेही खरेच.

आता गावच्या दुसऱ्या टोकाला जाऊ. १८४४ साली फ्लॅनेल विणणाऱ्यांची मजुरीवाढीची खटपट फसली होती. चळवळीतून हाती काही आले नव्हते. चार्टिस्टांची मतदानाची मागणी पार्लमेंटने फेटाळली होती. त्यात दुकानदारांची उधारी. काही मालक मजुरीऐवजी आपल्याच दुकानातील माल देत, आणि पिठात खडू, चहात वाळलेला पालापाचोळा अशी भेसळ सर्रास चाले. धान्याचे कायदे रद्द होऊन पाव स्वस्त होईल तेव्हा होईल, पण त्या पावात काय असेल याची हमी ब्राइटची चळवळ देत नव्हती.

तेव्हा चार्ल्स हॉवर्थ, जेम्स स्मिथीज, विल्यम कूपर, जेम्स डेली अशा काही माणसांनी आठवड्याला दोन-दोन, पुढे तीन-तीन पेन्स जमवावयास आरंभ केला. कोणी विणकर, कोणी चांभार, कोणी सुतार; कोणी ओवेनचा अनुयायी, कोणी चार्टिस्ट. परंपरेने त्यांची संख्या २८ सांगतात आणि भांडवलही २८ पौंड. त्यांत एक जॉन कॉलियरही होता, टिम बॉबिनचा वंशज! ऑक्टोबर १८४४ मध्ये ‘रॉचडेल इक्विटेबल पायोनियर्स सोसायटी’ नोंदली गेली. टोड लेनमधील एका जुन्या वखारीचा तळमजला वर्षाला दहा पौंड भाड्याने घेतला. टोड लेन म्हणजे ‘बेडकांची गल्ली’ नव्हे. जुन्या गल्लीला स्थानिक बोलीत जे म्हणत त्याचा तो अपभ्रंश आहे, असे सांगतात.

२१ डिसेंबर १८४४, वर्षातील सर्वांत लांब रात्र. दुकानात माल काय, तर २८ पौंड लोणी, ५६ पौंड साखर, सहा हंड्रेडवेट पीठ, एक पोते ओटचे पीठ आणि काही चरबीच्या मेणबत्त्या. सारे मिळून साडेसोळा पौंडांच्या आसपासचा माल. शेजारच्या दुकानदारांनी हा सगळा माल एका हातगाडीतून नेता येईल अशी थट्टा केली, आणि दाराच्या फळ्या निघताच गिरण्यांतील बॉबिने बदलणारी पोरे बाहेर हुर्यो करीत उभी होती. दुकान प्रारंभी आठवड्यातून दोनच संध्याकाळी उघडे असे. गल्ल्यावर एकोणीस वर्षांचा सॅम्युएल ॲशवर्थ.

सहकारी दुकाने यापूर्वीही निघाली होती आणि बुडाली होती. यांनी वेगळे काय केले? शुद्ध माल आणि पुरे वजन. उधारी अजिबात नाही. भाव बाजाराचाच, पण नफा भांडवलाच्या प्रमाणात न वाटता खरेदीच्या प्रमाणात वाटायचा. भांडवलाला ठराविक व्याज, त्याहून अधिक नाही. ज्याचा भाग लहान त्यालाही एक मत आणि ज्याचा मोठा त्यालाही एकच. स्त्रियांना सभासदत्व पुरुषांप्रमाणेच. इंग्लंडात विवाहित स्त्रीला स्वतःच्या मालमत्तेचा हक्क देणारे कायदे १८७० आणि १८८२ चे आहेत, हे ध्यानात घेतले म्हणजे या शेवटच्या नियमाचे वजन कळते. पुढे नफ्यातून शेकडा अडीच शिक्षणासाठी काढून दुकानाच्या वरच्या मजल्यावर वाचनालय चालवले. के-शटलवर्थ ज्या वर्गाच्या अज्ञानाची चिंता लंडनमध्ये सरकारी मेजावर बसून करीत होता, तो वर्ग त्याच्याच जन्मगावी लोण्याच्या नफ्यातून पुस्तके विकत घेत होता.

रोखीच्या नियमाने एक मात्र झाले: जे सर्वांत गरीब, ज्यांच्याजवळ शनिवारच्या मजुरीपूर्वी एक पेनीही नसे, ते या दुकानाच्या बाहेरच राहिले. सहकाराच्या स्तुतिपाठकांनी याचा उच्चार क्वचितच केला आहे. १८४५ अखेर सभासद ७४ होते आणि विक्री ७१० पौंडांची. १८६० मध्ये सभासद ३,४५० आणि विक्री दीड लाख पौंडांवर गेली होती. जॉर्ज होलिओकने १८५८ च्या सुमारास त्यांचा इतिहास लिहिला आणि रॉचडेलचे नाव युरोपभर झाले.

त्यानंतर आली अमेरिकेतील यादवी. १८६१ पासून दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी झाली, कापूस थांबला आणि लँकशरची धुराडी थंड पडली. लाखो माणसे मदतीच्या भाकरीवर आली. ब्राइटची गिरणीही बसली. तरी तो गुलामगिरीविरुद्ध उत्तरेच्या बाजूने ठाम उभा राहिला, आणि आश्चर्य असे, की रॉचडेलच्या पुष्कळ मजुरांनीही तीच बाजू घेतली. दहा तासांच्या प्रश्नावर जे एकमेकांसमोर उभे होते ते येथे एका बाजूला आले. उत्तरेकडील लोकांनी ‘जॉर्ज ग्रिझवोल्ड’ या जहाजातून १८६३ साली पिठाची पिंपे पाठवली. त्यांतले एक रॉचडेलच्या संग्रहालयात जपलेले आहे. एका इंग्रज तरुणाची शिक्षा लिंकनने केवळ ब्राइटविषयीच्या आदरापोटी माफ केली, आणि लिंकनचा खून झाला तेव्हा त्याच्या पाकिटात जी कात्रणे सापडली त्यांत एक ब्राइटच्या पत्राचे होते.

याच दुष्काळाची दुसरी बाजू मुंबईत दिसत होती. ब्राइटची १८४८ ची समिती जे घडवून आणू शकली नाही ते युद्धाने घडवले. वऱ्हाड, खानदेश, धारवाड, भडोच येथला कापूस सोन्याच्या भावाने लँकशरला जाऊ लागला. तिकडे या साऱ्याला सरसकट ‘सुरत’ म्हणत, आणि मजूर त्याला शिव्या देत. धागा आखूड, कचरा फार, सूत सारखे तुटे, आणि मजुरी कापडाच्या मापावर. कापसासाठी देवाची करुणा भाकणाऱ्या धर्मोपदेशकाला श्रोत्यांतून कोणी ‘पण देवा, सुरत नको!’ अशी पुस्ती जोडली, ही आख्यायिका याच दिवसांतली. मुंबईत प्रेमचंद रायचंदांचे राज्य आले, शेअरांचा बाजार पेटला, आणि १८६५ साली युद्ध संपताच तो एका झटक्यात विझला. कापूस पिकवणाऱ्याच्या पदरात काय पडले, हा प्रश्न रॉचडेलमध्ये कोणी विचारला नाही. मुंबईतही फारसा विचारला नाही.

त्याच काळात टोड लेनच्या मंडळींच्या घरातही एक गोष्ट घडली. दुकान यशस्वी झाल्यावर १८५४ मध्ये त्यांनी स्वतःची गिरणी काढली. नफ्यातील वाटा भांडवलाबरोबर श्रमालाही, म्हणजे त्या गिरणीत राबणाऱ्यांनाही, मिळावा असा मूळ नियम होता. गिरणी भरभराटली तसे बाहेरचे भागीदार आत आले. त्यांना नफा हवा होता, ओवेन नको होता. १८६२ साली त्यांनी बहुमताने श्रमाचा वाटा काढून टाकला. या भागीदारांतही कष्टकरी माणसे पुष्कळ होती, हे विशेष. ग्रीनबँकच्या मालकाने मजुराला वाटा दिला नाही याचा राग येतो. मजुरांच्याच गिरणीने तो काढून घेतला तेव्हा राग कोणावर काढायचा?

पुढचा काळ गिरण्यांच्या वैभवाचा आणि मग उतरणीचा. १८७१ साली कॅथेड्रलसारखे टाउनहॉल उभे राहिले. ९ जानेवारी १८९८ रोजी मोल्सवर्थ स्ट्रीटवर आजीच्या तळलेल्या माशांच्या दुकानावरील खोलीत ग्रेस स्टॅन्सफील्ड जन्मली. बालपणी अर्धा दिवस शाळा आणि अर्धा दिवस गिरणी असे तिने काढले, आणि ग्रेसी फील्ड्स या नावाने ती ब्रिटनची सर्वांत मोठी कमाई करणारी नटी झाली. तिचा १९३४ चा गाजलेला चित्रपट बंद पडलेल्या गिरणीच्या पोरींचा होता. त्याच्या तीनच वर्षे आधी, सप्टेंबर १९३१ मध्ये, गांधीजी तेथून फार दूर नसलेल्या डार्वेन येथे बेकार गिरणीकामगारांना भेटून आले होते. दुसऱ्या महायुद्धात इटालियन नवऱ्याला अटकेपासून वाचवण्यासाठी ती अमेरिकेकडे गेली, तेव्हा वर्तमानपत्रांनी तिला पळपुटी ठरवले. गावाने मात्र तिला आपलीच मानले. तिचा पुतळा २०१६ साली उभा राहिला. युद्धानंतर ज्या गिरण्या तग धरून होत्या त्यांच्या रात्रपाळ्या मीरपूर, पंजाब, सिल्हेट येथून आलेल्या माणसांनी चालवल्या.

ब्राइट २७ मार्च १८८९ रोजी वारला आणि रॉचडेलच्या क्वेकर स्मशानात एका साध्या दगडाखाली त्याला पुरले. त्याच वर्षी, सुमारे दीड महिना आधी, ५ फेब्रुवारीला बडोद्यात विठ्ठल लक्ष्मण कवठेकर यांच्या पुढाकाराने ‘अन्योन्य सहकारी मंडळी’ स्थापन झाली होती. सयाजीरावांच्या राज्यातील मध्यमवर्गीय मराठी कुटुंबांनी एकमेकांच्या अडचणीसाठी पै-पैसा जमवून काढलेली ही हिंदुस्थानातील पहिली नागरी सहकारी पतसंस्था. कायदा आला तो त्यानंतर पंधरा वर्षांनी, १९०४ साली, आणि तोही रॉचडेलपेक्षा जर्मनीतील राइफायझेनच्या पतपेढ्यांकडे पाहून. दुकाने, खरेदी-विक्री यांना वाव मिळाला तो १९१२ च्या कायद्याने. म्हणून आपल्या सहकाराला सरसकट रॉचडेलचे अपत्य म्हणू नये. तरी ज्याचा भाग कितीही असो त्याला मत एकच, हा नियम मात्र टोड लेनचा आहे, आणि १९५० च्या सुमारास प्रवरेच्या काठी विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी शेतकऱ्यांचा साखर कारखाना उभारला तेव्हा तोच नियम पायाला होता. बाहेरच्या भांडवलदाराने आत शिरून रॉचडेलच्या गिरणीसारखी गत करू नये म्हणून सत्ता ऊस पिकवणाऱ्या सभासदाच्या हाती ठेवली गेली. १८६२ च्या गोष्टीतील एवढा भाग आपण टाळला. दुसरा भाग टळला नाही: तो ऊस तोडणारे मजूर, जे दर हंगामाला बीड-नगरकडून बैलगाड्या जुंपून, पुढे ट्रक-ट्रॅक्टरांत बसून येत राहिले, त्यांचे नाव कारखान्याच्या सभासदांच्या यादीत कधी लागले नाही.